पैसे भरण्याचे पैसे

तिला सगळे 'तीन नंबर' म्हणतात. वीजबिल भरण्याच्या कार्यालयात ती तीन नंबरच्या खिडकीत बसते, म्हणून.

पूर्वी तिथे पाच खिडक्या होत्या. त्यातल्या चार एकेक करून बंद झाल्या. बंद काचांना आतून तपकिरी कागद लावलाय आणि मागे जुन्या पावत्यांची खोकी रचून ठेवलीत. दोन नंबरच्या कागदाचा कोपरा सुटलाय. तिथून डोकावलं तर मोडक्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेली एक छत्री दिसते. दोन नंबरच्या बाईंची. त्यांची बदली झाली त्या दिवशी लख्ख ऊन होतं. त्या छत्री विसरून गेल्या आणि मग एवढ्या लांबून छत्रीसाठी कोण येणार.

तीन नंबरची काच तेवढी उघडी राहिली. काचेला खाली एक अर्धगोल भोक आहे, भोकाखाली लाकडी खाच. चोवीस वर्षं तिच्यातून नाणी सरकली. खाच आता इतकी गुळगुळीत झालीय की सुटं नाणं ठेवलं तर आपोआप तिच्याकडे घसरत येतं.

गेल्या वर्षी या काचेवर एक कागद लागला. लोकांच्या बाजूने तो सरळ वाचता यायचा, तिच्या बाजूने अक्षरं उलटी दिसायची. ती उलटी अक्षरं लावायला तिला आठवडा लागला. खिडकीवर रोख भरल्यास चाळीस जास्त. खिडकीवर कार्डाने भरल्यास बिलाचे दोन टक्के जास्त. चेक दिल्यास पन्नास. फोनवर बोलून भरल्यास पंचवीस. दुकानातून भरल्यास पंधरा. कागदी बिल घरी हवं असेल तर दहा. स्वतःच्या मोबाइलवरून, बँकेच्या खात्यातून भरल्यास काही नाही. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरांत: आपल्या सोयीसाठी.

कागद वाचून झाला तरी लोक तिलाच विचारायचे.

"म्हणजे पैसे भरायचे वेगळे पैसे?"

"हो."

"आणि नाही भरले तर?"

"मग दंड. तो वेगळा."

एकदा एका माणसाने बराच वेळ कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. म्हणाला, "बाई, तुमचं तोंड बघायचे चाळीस?"

"कागदाकडे बघून भरा," ती म्हणाली. "तेवढेच पडतील."

रांग हसली. तो माणूसही हसला. चाळीस मात्र त्याला द्यावे लागलेच.

हे चाळीस संगणक आपोआप बिलात मिळवायचा. दुसऱ्या कार्यालयांतल्या खिडक्यांवर बेरीज सांगून मोकळे होत. हिला ते जमेना. न सांगता कुणाचे पैसे घेतले तर तिला दिवसभर काहीतरी टोचत राहायचं. म्हणून तिने एक वाक्य बनवलं. "इथे भरलंत तर चाळीस जास्त, घरून भरलंत तर नाही." हे वाक्य ती प्रत्येकाला, बिल हातात घेण्याआधी म्हणायची. रोज पंचवीस-तीस वेळा. वाद घालणाऱ्यांना दोनदा, बहिऱ्यांना चारदा. संध्याकाळी घसा बसलेला असायचा. एकदा घरी नवऱ्याच्या हातात चहाचा कप देताना ती नुसतीच "इथे..." म्हणून थांबली.

"इथे घेतला तर किती जास्त?" नवऱ्याने विचारलं.

नवरा घड्याळजी. होता, म्हणायला हवं. तीन वर्षांपूर्वी त्याचे हात कापायला लागले. कापऱ्या हाताने घड्याळ उघडता येत नाही. दुकान गेलं. त्यातलं एक भिंग आणि लहानसा दिवा तेवढा घरी आला. आता त्याला शर्टाची बटणं लावायलाही ती लागायची. सकाळी कामावर निघण्याआधी ती त्याचं सगळं करून जायची आणि पाच वाजले की रांग असो नसो, उठायची. घर चालायचं ते तिच्या पगारावर. पुढे चालणार होतं ते तिच्या पेन्शनवर. पूर्ण पेन्शनला पंचवीस वर्षं लागतात. तिची चोवीस वर्षं आणि एक महिना झाला होता. अकरा महिने उरले होते.

ही गोष्ट त्या अकरा महिन्यांची आहे. पण तिची सुरुवात आणखी चार महिने मागे, शिंपीकाकांपासून झाली.

शिंपीकाका दर महिन्याच्या नऊ तारखेला यायचे. एक दिवा आणि शिवणयंत्राची मोटर, एवढीच त्यांची वीज. बिल एकशे दहाच्या आसपास. कोटाच्या अस्तराच्या तुकड्यातून शिवलेली एक थैली ते खिशातून काढायचे, दोरी सोडायचे आणि नाणी खाचेत एकेक करून सोडायचे. त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. फोन होता, बटणांचा.

त्या महिन्यात तिने आपलं वाक्य म्हटलं. काका ऐकून उभे राहिले.

"एकशे दहाला चाळीस?"

"हो काका."

"आणि हजाराला?"

"चाळीसच."

काकांनी मान हलवली. "म्हणजे बारीक माणसाला आणि जाड माणसाला एकच माप. असा सदरा मी शिवला असता तर गिऱ्हाइकाने माझ्याच डोक्यावर टाकला असता."

त्यांचा आवाज चढला नव्हता. कदाचित म्हणूनच तिला राहवलं नाही. तिने काकांचे एकशे दहा घेतले ते गल्ल्यात टाकलेच नाहीत. आपल्या पर्समधल्या पाकिटात ठेवले. बिलावर पेन्सिलने बारीक अक्षरात 'भरले' लिहिलं आणि म्हणाली, "या आता." जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात तिने स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या खात्यातून काकांचं बिल भरलं. जास्तीचे शून्य. दोन मिनिटांचं काम.

असली गोष्ट झाकून राहत नाही. काकांच्या दुकानाशेजारी एक इस्त्रीवाली बसते. पुढच्या आठवड्यात ती आली. तिच्यामागून डोळ्यांचं ऑपरेशन झालेले निवृत्त मास्तर आले. मग कुणाची सासू, कुणाची एकटी राहणारी मावशी. पहिल्या महिन्यात आठ जण. दुसऱ्या महिन्यात तेवीस, मग सत्तेचाळीस. चौथ्या महिन्यात चौसष्ट. सगळे मुकाट्याने रांगेत उभे राहायचे. खिडकीशी आले की आवाज न करता बिल पुढे सरकवायचे. तिने पेन्सिल उचलली की त्यांचा चेहरा सैल पडायचा.

एवढी बिलं जेवणाच्या सुट्टीत उरकेनात. मग ती घरी न्यायला लागली. संध्याकाळी सहाला, चहा झाला की नवरा दिवा लावायचा, डोळ्याला भिंग लावायचा आणि ग्राहक क्रमांक वाचायचा. अकरा आकडी क्रमांक. हात कापत असले तरी डोळा शाबूत होता. कागद टेबलावर सपाट ठेवून तो एकेक आकडा सावकाश वाचायचा, ती मोबाइलवर दाबायची.

"चार, चार, शून्य... थांब. हा शून्य नाही, सहा आहे. पोट फुटलंय त्याचं."

"बघा हं नीट. दुसऱ्याचं बिल भरलं जाईल."

"पंचवीस वर्षं मुंगीएवढे स्क्रू बघितलेत मी. मला आकडे शिकवतेस?"

तीन वर्षांत त्याला पहिल्यांदाच काम मिळालं होतं. तो तिच्याकडून शर्ट बदलून घेऊन बसायचा.

"माझ्या दुकानात लोक नुसती वेळ विचारायला यायचे," एकदा तो म्हणाला. "घड्याळ घ्यायचं नाही, दुरुस्तीला द्यायचं नाही. पायरीवर उभं राहून विचारायचे, किती वाजले. त्याचे मी कधी घेतले नाहीत."

"घ्यायला हवे होते," ती म्हणाली. "आता बंगला असता."

जमलेली रोकड ती शनिवारी बँकेत भरायची. तिथेही एक गंमत होती. महिन्यातून तीनदा रोख भरणं फुकट, चौथ्यांदा भरलं तर बँक पैसे कापून घ्यायची. म्हणून चौथ्या शनिवारची रोकड ती घरातच ठेवायची आणि महिनाभर भाजी, साबण, औषधं सगळं त्या नाण्यांतून आणायची. भाजीवाली म्हणायची, "काय हो, पेटी फोडली का कुठली?"

अशातच एक दिवस विभागाचे साहेब आले. साहेब वयाने तिच्या भाच्याएवढे. स्वभावाने वाईट नव्हते. कपाटाशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी पाणी मागितलं, प्यायलं आणि लॅपटॉप उघडला.

"मॅडम, एक सांगायचं होतं. ज्या खिडकीवर महिन्याला सहाशेपेक्षा कमी पावत्या फाटतात, ती बंद करायचं ठरलंय."

"कधीपासून?"

"दर तिमाहीचा शेवटचा महिना धरणार आहेत. म्हणजे आता हा पुढचा महिना."

"आणि माझं?"

"मुख्य कार्यालयात सामावून घेतील. नोकरी जात नाही."

मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात होतं. बसने साडेतीन तास. तिच्या डोळ्यांपुढे नवऱ्याची न लावलेली बटणं आली. जाता येणार नव्हतं. जायचं नसेल तर नोकरी सोडायची, आणि अकरा महिने आधी सोडली तर पेन्शन निम्मी.

"रोज तर गर्दी असते इथे," ती म्हणाली.

"असते ना. पण आकडे बघा." साहेबांनी पडदा तिच्याकडे वळवला. एक निळी रेघ होती. बरीच लांबवर सरळ गेलेली, मग खाली वळलेली. "चार महिन्यांपूर्वीपर्यंत ठीक होतं. साडेसहाशेच्या आसपास. मग एकदम उतरायला लागली. लोक मोबाइलवर गेले, दुसरं काय."

तिने रेघेकडे बघितलं. रेघ जिथे वळली होती तो शिंपीकाकांचा महिना होता.

साहेब आणखी काही सांगत होते. तिला ऐकू येत नव्हतं. लोक मोबाइलवर गेले होते हे खरंच होतं. तिच्या मोबाइलवर. रांगेत उभे राहून, तिच्याच हातात पैसे देऊन गेले होते. चार महिने ती त्याच खिडकीत बसून आपलीच खिडकी मिटवत होती. आणि संध्याकाळी नवऱ्याला भिंग लावायला सांगून मदतीला घेत होती.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. दिवा लावलेला होता. त्या दिवशीची बिलं समोर पडली होती.

"यात कठीण काय आहे," तो म्हणाला. "एक महिना पेन्सिल बाजूला ठेव. रीतसर पावत्या फाड. लोकांना सांग, या महिन्यात चाळीस पडतील. चार महिने वाचवलेस ना त्यांचे?"

"सांगते."

"तोंड पाडून सांगू नकोस."

"कसं सांगू मग?"

"रोज सांगतेस तसं."

पहिल्या तारखेला रांगेत पहिली इस्त्रीवालीच होती. तिने बिल सरकवलं, पैसे सरकवले आणि पेन्सिलीची वाट बघत राहिली.

"इथे भरलंत तर चाळीस जास्त," ती म्हणाली. पुढचं अर्धं वाक्य तोंडातून निघेना.

"मलापण?"

"या महिन्यात सगळ्यांना."

इस्त्रीवालीने मागे वळून रांगेकडे बघितलं, मग परत काचेकडे. ती भांडली नाही. बोटं मुडपून काहीतरी मोजलं.

"म्हणजे दहा शर्ट," ती म्हणाली आणि कनवटीला हात घातला.

तीन नंबरने तिचे पैसे ओढून घेतले. पावती छापली. संगणकाने चाळीस मिळवले. ते चाळीस तिने आपल्या पर्समधून काढून गल्ल्यात टाकले आणि पावती खाचेतून बाहेर सारली.

"राहू द्या. पुढे कोण?"

एकीचे टाकल्यावर दुसऱ्याकडून मागणार कसे? त्या महिन्यात तिने चौसष्ट पावत्या छापल्या आणि चौसष्ट वेळा चाळीस भरले. सहज, ग्लासभर पाणी प्यावं तसं. बँकेतून एकदा काढले, दुसऱ्यांदा काढले. नवऱ्याच्या दातांचं काम त्या महिन्यात करायचं ठरलं होतं. ते पुढे ढकललं.

"पेन्सिल बाजूला ठेवलीस का?" नवऱ्याने विचारलं.

"ठेवली."

"कुरकुरले का लोक?"

"नाही."

संध्याकाळी आता बिलं नव्हती. सवयीने नवरा दिवा लावायचा, मग थोड्या वेळाने मालवायचा.

नऊ तारखेला शिंपीकाका आले. थैलीतून एकशे दहा सोडले आणि छापील पावती हातात पडल्यावर बाजूला न होता ती वाचायला लागले. शिंप्याची नजर. कापडाचा वार कमी भरला तर लांबून कळणारी.

"इथे चाळीस लिहिलेत."

"हो."

"मी दिले नाहीत."

"भरलेत ते, काका."

"कोणी?"

"काका, मागे रांग आहे."

काकांनी पावतीची बरोबर मधोमध घडी घातली, थैलीत ठेवली आणि दोरी आवळली. जाताना दारापाशी थांबून त्यांनी एकदा वळून बघितलं. ती पुढच्या माणसाला आपलं वाक्य सांगत होती.

महिना संपला. सहाशे बारा पावत्या भरल्या. तिच्या चौसष्ट वजा केल्या तर पाचशे अठ्ठेचाळीस. हे वजा करणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात साहेब हसतच आले.

"मॅडम, राहिली बरं का तुमची खिडकी. सहाशे बारा."

"बरं झालं," ती म्हणाली आणि कपाटाला टेकली.

"नुसतं बरं नाही. वरचे लोक खूश आहेत. त्यांना वाटत होतं, चाळीसमुळे लोक पळतायत. तुमच्या आकड्यांवरून दिसलं की तसं काही नाही. एका महिन्यात चौसष्ट लोक परत आले. चाळीस देऊन आले." साहेबांनी बॅगेतून एक गुंडाळी काढली. "म्हणजे लोकांना खिडकी हवीय. त्यासाठी मोजायची तयारी आहे. हा नवा कागद. आजच लावून टाका."

तिने गुंडाळी उलगडली. खिडकीवर रोख भरल्यास साठ जास्त. खाली तेच जाड अक्षरांत.

"माझ्या आकड्यांवरून?" तिने विचारलं.

"तुमच्याच. अहवालात या खिडकीचा खास उल्लेख आहे."

साहेब गेल्यावर तिने जुना कागद ओल्या फडक्याने काढला. काच स्वच्छ झाली. थोडा वेळ पलीकडचा बाक, दार, दाराबाहेरची सायकल, सगळं नीट दिसलं. मग तिने नवा कागद लावला. उलटा साठ उलट्या चाळीसापेक्षा वाचायला सोपा होता.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. आधी चाळिसांचं, मग साठाचं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो हसायला लागला. कापऱ्या हातातल्या कपातून चहा सांडला तरी हसत राहिला. मग त्याने कप खाली ठेवला.

"म्हणजे खिडकीच्या बाहेरही तूच उभी आणि आतही तूच बसलेली," तो म्हणाला.

"रांगेतही मीच म्हणा."

"किती उरले?"

"दहा महिने."

"मोजणार कधी?"

"दर तिसऱ्या महिन्याला."

त्याने भिंग पुसलं. एका जुन्या बिलाच्या पाठीवर तिला आकडे घालायला लावले. दहा महिन्यांत तीन मोजण्या. चौसष्ट लोक, प्रत्येकी साठ, तीन वेळा. बेरीज एका पगाराच्या जवळ गेली. दोघांनी ती बघितली.

"एका पगारात पेन्शन," नवरा म्हणाला. "महाग नाही."

"दात?"

"मऊ कर भात."

दुसऱ्या दिवशी नऊ तारीख होती. शिंपीकाका आले. त्यांनी थैली सोडली आणि आधी चार दहाची नाणी खाचेत ठेवली. ती घसरत तिच्याकडे आली.

"हे मागच्या महिन्याचे," काका म्हणाले.

"कशाचे?"

"कशाचे ते तुम्हाला माहीत आहे. आणि हे या महिन्याचे एकशे दहा. आणि हे वरचे चाळीस. आता तुमचं माझं काही राहिलं नाही." त्यांनी सगळं मोजून आणलं होतं. थैली रिकामी होऊन सुरकुतली होती.

तिने काचेवरच्या कागदाकडे बोट केलं. काकांनी मान वर करून वाचलं. वाचायला त्यांना वेळ लागला. मागच्या माणसाने पाय बदलला.

"वीस कमी पडतायत," काका म्हणाले.

"हो."

"उद्या आणतो."

"उद्या दंड लागेल, काका."

मग तिने ऐंशीची नाणी वेगळी केली आणि खाचेतून वर सरकवली. ती परत घसरून तिच्याकडे यायला लागली तशी तिने बोटाने धरून ठेवली.

"उचला," ती म्हणाली. "माझ्याकडे येतात नाहीतर."

काकांनी उचलली.

या महिन्यात मोजणी नव्हती, पुढच्याही नव्हती. तिने बिल आपल्याकडे ओढलं, खण उघडून पेन्सिल काढली. टोक मोडलेलं होतं. ब्लेडने ते करताना तिला रांगेचा आवाज थांबल्यासारखा वाटला. तिने मान वर केली. इस्त्रीवाली, मास्तर आणि त्यांच्यामागचे सगळे तिच्या हाताकडे बघत होते.

तिने 'भरले' लिहिलं.

"पुढे या," ती म्हणाली.